तुझा पाय कुणी बरा केला?

वच्छे, तुझ्या लेकीचा फोन आला तेव्हा मी "काय गं, पोचलीस का?" असं विचारणारच होते. करुणाचा आवाज फोनवर हुबेहूब तुझाच येतो, त्यात माझी काय चूक? जीभ वेळेवर आवरली. ती म्हणाली, "मावशी, रविवारी आईचा जलदान विधी आहे. तुम्ही दोन शब्द बोला. ती पायाची गोष्टच सांगा, पोरांना लई आवडते."

मी "हाव" म्हटलं, फोन ठेवला, आणि मग ध्यानात आलं की आपल्याकडं त्या पायाच्या दोन गोष्टी आहेत. माझ्या गोष्टीत तुझा पाय माझ्या हिरड्यानं बरा झाला. तुझ्या गोष्टीत तो पाण्यानं बरा झाला. बहात्तरच्या दुष्काळापासून आपण यावर भांडत आलो. आता सगळा गोतावळा समोर बसणार, माईक माझ्या हातात असणार आणि समोरची बाजू फोटोत. एवढी सोपी जीत माझ्या वाट्याला आयुष्यात कधी आली नव्हती. त्या दिवशी मी दोन वेळा चहा केला आणि दोन्ही वेळा गार होऊ दिला.

तेव्हाची मी, ती तरणी सरू, कशी होती, तुला आठवतं? मला चांगली आठवते. अहमदपूरच्या शेतकरी घरातली, नांदेडच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकणारी, नाकावर चष्मा. डोळ्यांना काही झालं नव्हतं गं, पण शास्त्रज्ञ म्हटल्यावर चष्मा पाहिजे, असं तिचं मत. तू रसायनशास्त्राची. होस्टेलच्या एका खोलीत आपल्याला कुणी टाकलं देव जाणे. तू म्हणशील, "देव कशाला जाणंल, रेक्टरबाईनं टाकलं." बरं, रेक्टरबाईंनी टाकलं.

किनवटच्या जंगलात आपली सहल गेली होती. बाकीच्या पोरी चिंचा पाडत होत्या आणि ही बाई प्रत्येक झाडाला त्याच्या लॅटिन नावानं हाक मारत हिंडत होती. हिरड्याच्या झाडाखाली तर तिनं पदरभर हिरडे गोळा केले. तू दगडावर बसून बघत होतीस. "काय करून राहिलीस गं? सगळ्या होस्टेलला जुलाब द्यायचे का?" मी म्हटलं, "हिरडा म्हणजे आई आहे माणसाची." तू म्हणालीस, "मला एक आई हाय. ती बस झाली." मी ते वाक्य तेव्हा विनोद म्हणून ऐकलं.

मग तो दुष्काळ आला. होस्टेलची मेस पाण्यावाचून बंद पडली आणि आपल्याला घरी धाडलं. मी अहमदपुरात वाड्यावस्त्यांच्या बातम्या ऐकत बसले. तू चाकूरच्या पुढं तुझ्या गावी गेलीस आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला लागलीस. रसायनशास्त्राची पोरगी, हातात हातोडी. दगडाची कपची तळपायात घुसली. तू चिंधी बांधली आणि पुन्हा कामावर गेलीस, कारण हजेरी चुकली असती. पाय सुजला, मग लाल झाला, मग ती लाली घोट्याकडं चढायला लागली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रोज स्वच्छ धुवा, आठवड्यानं या, आणि लाली घोट्याच्या वर गेली तर मात्र पाय ठेवता येणार नाही.

हे मला बाजारात भेटलेल्या तुमच्या गावच्या माणसाकडून कळलं. सरूनं हिरड्याची पिशवी काखोटीला मारली आणि एसटी धरली. पुढचं चालत. त्या फुफाट्यातून चालताना तिच्या मनात काय होतं सांगू? मैत्रिणीचा पाय होता, नाही असं नाही. पण त्याच्या बरोबरीनं हेही होतं की मी यांच्या घरचं पाणी पिणार. बुद्धवाड्यात जाऊन, सगळ्यांदेखत. आमच्या घरी हे कळलं तर काय होईल याची भीती आणि त्या भीतीचा अभिमान, असं दोन्ही घेऊन ती उन्हातून चालली होती.

तुझी आई, मुक्तामावशी, दारात उभ्या होत्या. "पाणी देऊ का, बाई?" त्यांनी दबकत विचारलं. सरूनं ताठ उभं राहून एक पेला पाणी गटागटा पिऊन टाकलं. मग इकडंतिकडं बघितलं. कुणी काही बोलेना. म्हणून तिनं आणखी एक पेला मागितला आणि तोही संपवला.

खाटेवरून तुझा आवाज आला, "सरू, पिऊन झालं आसंल तर बस. सत्कार उद्या करू."

संध्याकाळी मला कळलं की ते पाणी नदीच्या कोरड्या पात्रातल्या झिऱ्याचं होतं. वाळूत खड्डा करायचा, तळाला पाझर साचेपर्यंत बसून राहायचं आणि वाटीनं उपसायचं. मुक्तामावशी पहाटेपासून त्या खड्ड्याशी बसल्या होत्या. माझ्या क्रांतीचे दोन पेले म्हणजे तुमच्या घरचं त्या संध्याकाळचं पाणी होतं. तू यावरून मला जन्मभर चिडवलंस. तुझ्या घरी पुढं फ्रिज आला, त्यात बाटल्या आल्या, तरी मी पाणी मागितलं की तू आतून ओरडायचीस, "करुणा, दोन पेले आण गं. एक तहानेचा, एक पुरोगामी!"

पण हिरडे मी आणले होते, हे तर खरं ना? मी ते कुटले. मुक्तामावशींनी झिऱ्याचं गढूळ पाणी फडक्यातून गाळलं आणि बाभळीच्या काटक्यांवर हंडीत उकळत ठेवलं. त्यात मी कूट टाकला. पाणी पिवळसर झालं, मग तपकिरी. कोमट झाल्यावर तुझा पाय परातीत घेऊन आम्ही वरून धार धरायचो. जुन्या लुगड्याचा तुकडा उकळून, वाळवून बांधायचा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तू दात आवळून छताकडं बघायचीस. मी लालीच्या कडेला कोळशाची रेघ मारून ठेवली होती, पुढं सरकते का बघायला. आधी ती रेघेवरच थांबली. मग रेघेच्या आत आली. मग सूज बसली. दवाखान्यात डॉक्टर पाय उलटासुलटा करून म्हणाले, "छान धुतलाय. कुणी धुतला?"

मी म्हटलं, "हिरडा!"

तू म्हणालीस, "पाणी."

तिथून सुरू झालं.

पुढं आपण दोघी लातुरात राहायला आलो आणि लातूर जिल्हा झाला. तोपर्यंत आपण उस्मानाबाद जिल्ह्यातल्या होतो, एका रात्रीत मुख्यालयातल्या झालो. गावात नुसता उत्साह. दुकानदारांनी पाट्यांवर 'जिल्हा' शब्द घुसवला. आपल्या गल्लीतल्या न्हाव्यानं तर जिल्हा केशकर्तनालय केलं, खुर्ची एकच. आपलंही नशीब उघडलं. नव्या कॉलेजात तू रसायनशास्त्राला लागलीस, मी वनस्पतीशास्त्राला. लग्नं झालेली, पोरं झालेली, आणि प्रयोगशाळा एकच, दोघींत वाटून घेतलेली.

मी लगेच हिरड्याचा विषय काढला. तू म्हणालीस, "बरं. भांडण नको. करून बघू." सावलीत वाळवलेला हिरडा, बाभळीची साल, निर्गुडीचा पाला यांची पूड करून आपण स्पिरिटमध्ये भिजत घातली. बरण्या खिडकीत रांगेनं. अर्क गाळायचा, आटवायचा, त्यात कागदाच्या इवल्या चकत्या बुडवायच्या, आणि काचेच्या डिशमध्ये जंतू पेरलेल्या जेलीसारख्या आगरवर त्या ठेवून द्यायच्या. जंतू वाढले तर डिश धुरकट दिसणार. पण चकतीच्या भोवती जंतू मेले, तर तिथं स्वच्छ गोल कडं राहणार.

पहिल्या वेळी तू रजेवर होतीस. मी एकटीनं सगळं केलं. दुसऱ्या दिवशी डिश उजेडात धरली तर हिरड्याच्या चकतीभोवती हे एवढं कडं! सरूनं काय करावं? तिनं ती डिश घेऊन स्टाफरूम गाठली. प्राचार्यांना दाखवली, क्लार्कना दाखवली, चहावाल्यालाही दाखवली. तो म्हणाला, "मॅडम, काही दिसत नाही." त्याला म्हटलं, "तेच तर! काही दिसत नाही तिथंच जंतू मेलेत!"

तू आलीस, डिश बघितलीस आणि एकच विचारलंस. "कोरी चकती ठेवली होतीस का?"

"कोरी कशाला?"

"नुसत्या स्पिरिटात बुडवलेली. झाडपाला नसलेली."

आपण दोघींनी मिळून ती ठेवली. कोऱ्या चकतीभोवतीही कडं आलं, थोडं लहान, पण आलं. मी चकत्या वाळू न देताच ठेवल्या होत्या. जंतू मारले होते ते बरेचसे स्पिरिटनं. मी म्हटलं, "हे तू मुद्दाम केलंस." तू म्हणालीस, "मी काय केलं? मी तर कोरी ठेवली." चहावाला त्यानंतर रोज विचारायचा, "मॅडम, आज काही दिसलं का?"

मग आपण चकत्या नीट वाळवून पुन्हा केलं. पुन्हा, पुन्हा. वीज जायची, इन्क्युबेटर गार पडायचा, अख्ख्या डिश फेकून द्याव्या लागायच्या. शेवटी एकदा कोरीभोवती काही नाही आणि हिरड्याभोवती स्वच्छ कडं. पू करणारे तेच जंतू. तू भिंगानं बघितलंस, पट्टीनं मोजलंस आणि म्हणालीस, "मारतो." बस, एवढंच. मला वाटलं, आता पायाचंही कबूल करशील. मी तुझ्या तोंडाकडं बघत उभी राहिले.

"डिशमध्ये मारतो," तू म्हणालीस. "डिश म्हणजे पाय नव्हं. पायाला कोरी चकती कुठं होती? माझे दोन्ही पाय कापले असते, एकावर हिरडा आन् एकावर नुसतं उकळलेलं पाणी घातलं असतं, तर सांगता आलं असतं."

"मग दुसरा कापून घ्यायचा होतास!"

"तू तेव्हा सुचवायचं होतं."

तुझं सगळं असंच. त्याच उन्हाळ्यात तू दुसरा प्रयोग काढलास, करडईच्या तेलाचा. एका बाटलीत नुसतं तेल, दुसरीत तेल आणि हिरड्याचा अर्क. दोन्ही उन्हात. नुसतं तेल खवट झालं, दुसरं कितीतरी दिवस चांगलं राहिलं. तू पोरांना समजावलंस, "हवेतला ऑक्सिजन तेलाला खातो, म्हणून ते खवट होतं. कापलेलं सफरचंद काळं पडतं तेही त्याचंच काम. हिरड्यातली द्रव्यं मधे पडून त्याला अडवतात. ऑक्सिजनला आडवं येतं ते अँटिऑक्सिडंट." मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तेल म्हातारं होत नाही, तर सरू का व्हावी?

घरी जाऊन हिरडा उकळला आणि त्याचा लेप तोंडाला, हाताला, मानेला थापला. पण उकळला तो लोखंडी कढईत. तोंड धुतलं तर धुतलंच जाईना. गालावर निळे-काळे डाग, कपाळ अख्खं दौतीत बुडवल्यासारखं. आणि दुसऱ्याच दिवशी नव्या जिल्ह्याच्या कौतुकाची सभा कॉलेजात, पाहुण्यांना गुच्छ द्यायला मीच. पदर नाकापर्यंत ओढून गेले. पाहुणे हळूच प्राचार्यांना म्हणाले, "मॅडम फार जुन्या वळणाच्या दिसतात."

तू मला प्रयोगशाळेत नेलंस, पदर काढलास आणि जमिनीवर बसून हसलीस. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं, हिरडा आन् लोखंड! शाई केलीस तू, शाई! जुने लोक यानंच लिहायचे." मग लिंबू आणून माझं तोंड चोळत बसलीस, हळूहळू, लेकराचं चोळावं तसं. मी रडत होते आणि तू हसत होतीस. मी म्हटलं, "हिरड्यानं पाय बरा झाला म्हण, तरच माफ करीन." तू म्हणालीस, "पाण्यानं. तोंड हलवू नको."

वच्छे, हे सगळं मला हसतच आठवतं. फक्त शेवटचं तसं आठवत नाही. तुला लातूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं, नाकातोंडावर तो मास्क. करुणा बाहेर डॉक्टरांशी बोलत होती. चादर सरकून तुझा तो पाय बाहेर आला होता, तळव्यावर कपचीच्या जागी पांढरा वण. मी खुर्ची ओढून पायाशीच बसले. विचारायचं होतं. आता तरी सांग. शास्त्र सोड, नुसतं आपल्या दोघींतलं सांग, माझ्यामुळं पाय राहिला असं तुला एकदाही वाटलं नाही का? एवढंच हवं होतं मला, मोठं काही नाही. पण मी विचारलं, "चहा बरा देतात का इथं?" मास्क लावलेल्या बाईला. तू डोळे उघडलेस, माझ्याकडं बघितलंस आणि त्या पायाची बोटं हलवलीस. दोनदा. ते उत्तर होतं की चिडवणं होतं, मला आजही ठरवता येत नाही. मी चादर नीट केली.

रविवारी मी माझीच गोष्ट सांगायची ठरवून गेले होते. का नाही सांगायची? तू नाहीस म्हणून मी खोटं थोडीच बोलणार होते. तुझ्या अंगणात मांडव, पांढऱ्या कपड्यातली माणसं, तथागताच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी तुझा फोटो. फोटोत तू हसत नाहीस, भुवई थोडी वर आहे. कोरी चकती विचारतानाची भुवई. बौद्धाचार्यांनी त्रिशरण, पंचशील म्हणून घेतलं. मग करुणा पुढं बसली आणि तिनं तांब्यातलं पाणी ताटातल्या वाटीत ओतायला सुरुवात केली. बारीक धार. गाथा चालल्या होत्या. वाटी भरली, काठावर पाणी थरथरलं आणि ताटात सांडायला लागलं. सांडलं तरी करुणा ओततच राहिली. तसंच ओतायचं असतं.

आणि मला मुक्तामावशी दिसल्या. तुझ्या पायावरून ओघळून परातीत पडणाऱ्या धारेकडं बघणाऱ्या. तेव्हाही त्या माझ्यासमोरच होत्या, पण माझं सगळं लक्ष पाण्याच्या रंगावर होतं, अर्क पुरेसा उतरला की नाही यावर. ओठ फुटलेले होते त्यांचे. वाटी-वाटीनं उपसलेलं पाणी सकाळ-संध्याकाळ पायावर ओतून टाकत होत्या, आणि धार मधेच थांबवत नव्हत्या. त्या दिवसांत त्या स्वतः काय प्यायल्या, हे मी कधी विचारलंच नाही. तू 'पाणी' म्हणायचीस तेव्हा तुला हेच म्हणायचं होतं का गं? एवढी वर्षं? की मी आपली आता तुझ्या तोंडी घालते आहे? तू कधी उलगडून सांगितलं नाहीस, आणि मी कधी हिरडा बाजूला ठेवून ऐकलं नाही.

करुणानं माझ्याकडं माईक दिला. मी खडी सांगितली, कपची सांगितली, माझे दोन पेले सांगितले. पोरं हसली. मग म्हटलं, "आणि वच्छीचा पाय पाण्यानं बरा झाला. तिच्या आईनं आणलेल्या पाण्यानं."

मागून काठी आपटल्याचा आवाज. तुझी चुलती, गयाकाकू! मला वाटलं होतं त्यांना ऐकूच येत नाही. "ए सरूबाई, खोटं कशाला बोलतीस मेलेल्या माणसाच्या फुडं? म्या व्हते तिथं. हिरड्यानं बरा झाला पाय. तूच आणला व्हतास, पिशवीभर. म्या डोळ्यानं बघितलं हाय!"

वच्छे, मी या साक्षीदाराची जन्मभर वाट बघितली. बाई एवढी वर्षं चाकूरपुढं बसली होती आणि मला पत्ता नाही! सगळा मांडव माझ्याकडं बघत होता. नुसती मान हलवली असती तरी जिंकले असते.

मी म्हटलं, "काकू, दुसऱ्या पायालाही जखम होती का?"

"दुसऱ्याला कशाला आसंल?"

"मग हिरड्यानं का पाण्यानं, कसं ठरवलंत?"

"आता बया! पाण्यात काय आसतं? पाणी तर..." आणि त्या थांबल्या.

"पाणी तर काय, काकू? कुठं होतं पाणी तवा?"

गयाकाकू काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "न्हवतं बाई. कुटंच न्हवतं. मुक्तीच बसायची त्या खड्ड्यात." आणि खाली बसल्या. करुणानं माझ्या हातातून माईक घेतला आणि तो तसाच मांडीवर ठेवून बसली. तिला आजीचं हे ठाऊक नव्हतं.

तर असं झालं. मी तुझ्या बाजूनं भांडले, तुझेच प्रश्न विचारून, आणि तुझी बाजू जिंकली. गयाकाकूंना मी जेवताना शेजारी बसवून घेतलं, माझ्या ताटातली बुंदी त्यांना वाढली. त्या रुसल्या होत्या, पण बुंदी खाल्ली.

आता रात्रीचं जेवण नको म्हणून हे लिहीत बसले आहे. आणि वच्छे, आपल्या दोघींतलं म्हणून सांगते, पाणी तर होतंच, ते मी मान्य केलं, चारचौघांत केलं. पण थोडा हिरडाही होता. अगदी थोडा का होईना, होता.

बोल आता.